सहासष्ट नंबरची टाच

दीक्षा गजभारे आमच्या ऑफिसात रुजू झाली २००२ च्या जून महिन्यात. पहिल्याच दिवशी, पडद्यावरचं चित्र दहा मिनिटं बघून झाल्यावर तिनं मला विचारलं, "सर, ह्याला फुटबॉल म्हणायलेत, मग ही माणसं चेंडू हातात धरून कामून पळायलीत?"

मी पुण्याचा, क्रिकेटवर वाढलेला. अमेरिकन फुटबॉल मीही तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा पाहिला होता, आणि या कामाचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली ती इंग्रजी बरं होतं एवढ्यावर. मी तिला म्हणालो, नावावर जाऊ नका, नोंदी करा.

ऑफिस हैदराबादला, बरकतपुऱ्यात एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली मालक लक्ष्मणराव राहत. त्यांचे पणजोबा निजामाच्या चाकरीत आले, तेव्हापासून घराणं हैदराबादचंच. मराठी बोलत, पण चिडले की दखनीत शिरत. बाहेरच्या देशांची कामं इकडे येऊ लागली तेव्हा त्यांनी घरचा छापखाना मोडला आणि कॉम्प्युटर घेतले. आधी अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करून द्यायचं काम होतं, मग हे आलं. तिकडच्या एका व्यावसायिक फुटबॉल संघाला सल्ला देणारी एक छोटी कंपनी सामन्यांचं चित्रण डिस्कवर घालून कुरिअरनं पाठवी. आम्ही प्रत्येक डावाची नोंद करून ती परत पाठवायची. संघाचं नाव सांगायचं नाही असं करारात होतं. करार कधीच संपला, पण दिलेला शब्द म्हणून ते नाव मी आजही सांगत नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना एवढंच सांगतो. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. सरकायचे मार्ग दोन. एक तर चेंडू लांब फेकायचा आणि आपल्या माणसानं तो झेलायचा. नाही तर एकानं तो पोटाशी धरून माणसांच्या भिंतीतून घुसायचं. त्या धावणाऱ्यासाठी भिंतीत वाट करून देणं हे पुढच्या रांगेतल्या पाच दांडग्या गड्यांचं काम. एक डाव चार-पाच सेकंदांत संपतो. सगळे उठतात, पुन्हा समोरासमोर रांगा लावतात, पुन्हा एकमेकांवर आदळतात. आमच्या भाषेत डाव दोनच जातीचे होते, धाव आणि फेक. एका डावाचे अठरा रकाने भरायचे: कोण धावला, डावीकडून की उजवीकडून, किती यार्ड मिळाले, कुणी अडवलं, असं सगळं. एकोणिसावा रकाना 'शेरा' नावाचा होता. तो रिकामा ठेवायचा अशी कराराची अट होती. आकडे आमचे, मतं त्यांची.

दीक्षा तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिचे वडील नागोराव मुखेड तालुक्यातून तरुणपणी हैदराबादला आले आणि पंख्यांच्या एका कारखान्यात वीस वर्षं राबले. शहाण्णव साली कारखाना बंद पडला, तेव्हापासून ते एका फंक्शन हॉलवर पहारेकरी होते. आई कोंडाबाई एका शाळेत आया. घर अंबरपेठेत. दीक्षा सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकली, मग तेलुगू मुलींबरोबर इंग्रजी शाळेत, आणि पुढे नोकरी करत करत बी. कॉम. झाली. मराठी, तेलुगू आणि दखनी तिच्या तोंडात सारख्याच सहज फिरत. इंग्रजीला मात्र ती घाबरत असे. कुणी इंग्रजीत विचारलं की मान हलवून काम करून टाकायची, म्हणजे उत्तर द्यायला नको.

पहिले दोन महिने ती आमच्या आठ जणांत सगळ्यांत हळू होती. बाकीचे एक डाव दोनदा बघून रकाने भरत, ही चारदा-पाचदा बघे. मी तिला दोनदा टोकलं. तिनं ऐकून घेतलं आणि तिच्याच चालीनं काम करत राहिली. सप्टेंबरात खरा मोसम सुरू झाला आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत दीक्षा ऑफिसात सगळ्यांत वेगानं नोंदी करू लागली. तेजस नावाचा एक मुलगा होता, मुंबईचा, चांगल्या कॉलेजातून आलेला, हात भराभर चालणारा. ती त्याच्याही पुढे गेली. मला ते बरं वाटण्याऐवजी खटकलं.

त्याच सुमारास अमेरिकेहून निरोप आला की संघाच्या पहिल्या सहा सामन्यांचा एकत्र आढावा हवा आहे. संघाचं फेकणं ठीक चाललं होतं, पण धावणं कोसळलं होतं. एका धावेला सरासरी जेमतेम तीन यार्ड पडत होते, आणि चारच्या खाली सरासरी गेली की तिकडे आरडाओरडा सुरू होतो. सगळ्यांचा रोख चौतीस नंबरवर होता. हा त्यांचा मुख्य धावणारा. वय तीस, आणि त्या कामात तीस म्हणजे म्हातारपण. पायातला जोर गेला, आता त्याला काढा, असं तिकडची वर्तमानपत्रं लिहीत होती. सल्लागार कंपनीचं मतही तसंच असावं, कारण त्यांनी आमच्याकडे जे तक्ते मागितले त्यात चौतीसचे आकडे सगळ्यांत वर होते.

आढाव्याआधी नोंदी तपासायचं काम माझं. आमच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय होती. कुठला रकाना भरला तेव्हा चित्र कुठल्या क्षणावर होतं ते आपोआप लिहिलं जाई. दीक्षाच्या नोंदी उघडल्या आणि मी चमकलो. 'धाव की फेक' हा रकाना ती डाव सुरू होण्याआधीच भरत होती. एकदोनदा नाही, शेकडो वेळा. चेंडू हलायच्या आधी उत्तर लिहिलेलं.

मी निष्कर्ष काढला की ही बाई न बघता ठोकून देते आहे. शुक्रवारी दुपारी मी तिच्या नावे पत्र तयार केलं: नोंदी प्रत्यक्ष न पाहता केल्याचे आढळले आहे, तीन दिवसांत खुलासा द्यावा, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल. तिच्या टेबलावर ठेवलं. तिनं ते वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि सहा वाजेपर्यंत काम करून घरी गेली.

इथे एक गोष्ट कबूल करतो. असंच तेजसच्या नोंदींत दिसलं असतं, तर मी त्याला आधी चहाला नेऊन विचारलं असतं आणि मग गरज पडली तर लिहिलं असतं. तिच्या बाबतीत मी आधी लिहिलं. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. नोंदी बरोबर आहेत की चूक, हे तपासायचंसुद्धा मला सुचलं नाही.

सोमवारी ती नेहमीपेक्षा लवकर आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली. हातात तेच पत्र.

"सर, यात लिहिलंय मी बघत नाही म्हणून," ती म्हणाली. "मी बघते. डाव चालू व्हायच्या आधी बघते."

"आधी काय दिसतं? सगळे वाकून उभे असतात."

"मला कळतंय ते काय करणारेत. तुम्ही माझी परीक्षा घ्या. मी न बघितलेला सामना लावा."

सातव्या सामन्याची डिस्क शनिवारीच आली होती, पाकीट अजून फोडलेलं नव्हतं. मी तेजसला बोलावलं आणि डिस्क लावायला सांगितली. आवाज ऐकून लक्ष्मणरावही वर आले. ठरलं असं की तेजसनं प्रत्येक डाव सुरू होण्याच्या ऐन क्षणी चित्र थांबवायचं, दीक्षानं धाव की फेक ते सांगायचं, मग चित्र पुढे सोडायचं. वीस डाव.

पहिला डाव. चित्र थांबलं. तिनं पडद्यावर बोटही नेलं नाही. "फेक," म्हणाली. फेक निघाली. दुसरा, "धाव." धाव निघाली. सहाव्या-सातव्या डावापर्यंत तेजस हसत होता. नंतर तो खुर्ची पुढे ओढून बसला. बारावा डाव आला तेव्हा आजूबाजूचं काम थांबलेलं होतं आणि सगळे तिच्या मागे उभे होते. वीसपैकी एकोणीस बरोबर आले. जो चुकला त्यात संघानं धावल्याचं सोंग करून चेंडू फेकला होता.

"कसं कळतं?" मी विचारलं.

तिनं तेजसला चित्र मागे न्यायला सांगितलं आणि मैदानाच्या टोकावरून, रांगेच्या पाठीमागून घेतलेलं दृश्य लावायला लावलं. रांगेतल्या डावीकडून दुसऱ्या गड्यावर पेन टेकवलं. सहासष्ट नंबर.

"ह्याचा उजवा पाय बघा. धाव असली की टाच उचललेली असते, आणि हातावर भार दिलेला असतो. याला पुढं मुसंडी मारायची असते ना. फेक असली की टाच गवताला टेकते. मागं सरकायचं असतं म्हणून मागं बसतो. बाकीचे चौघं दोन्हीला सारखेच बसतात. ह्याला लपवता येत नाही."

आम्ही एकेक डाव उलटा लावून बघितला. टाच वर, धाव. टाच खाली, फेक. एकदा दिसल्यावर ते इतकं ढळढळीत होतं की आठ जणांना सहा आठवडे कसं दिसलं नाही याचं मला नवल वाटलं.

"आणि सर, मला दिसतंय ते समोरच्यांना दिसत नसंल का?" ती म्हणाली. "ते तर दोन हातांच्या अंतरावर उभे असतात."

मग तिनं तिची वही काढली. साध्या शाळकरी वहीत, शिसपेन्सिलीनं केलेला एक तक्ता होता. सहा सामन्यांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या सामन्यात सहासष्ट नंबर खांदा दुखावल्यामुळे खेळला नव्हता, त्याच्या जागी दुसरा होता. त्या दोन सामन्यांत याच चौतीस नंबरच्या धावेची सरासरी चार यार्डांच्या वर होती. सहासष्ट खेळला त्या चार सामन्यांत ती अडीचवर आली होती. तो खेळत असताना शंभर धावांपैकी अडतीस धावा जागच्या जागी अडवल्या गेल्या होत्या. तो नव्हता तेव्हा पन्नासांत आठच. सगळं तिनं स्वतःहून, रकान्यांच्या बाहेर मोजून ठेवलं होतं.

"चौतीस म्हातारा नाही झालेला," ती म्हणाली. "तो वेळेवर पोचतो. वाटच उघडत नाही."

लक्ष्मणराव खाली निघून गेले. मी दीक्षाची माफी मागितली, सगळ्यांसमोर, आणि ते पत्र हातात घेऊन फाडू लागलो. तिनं माझा हात अडवला.

"फाडू नका सर. फाईलीत एक प्रत लागलेली आहे. उद्या तुम्ही नसलात आणि कुणी ती काढली तर मी काय दाखवू? त्याच्यावर लिहा की तपास केला, चूक नव्हती. सही करा, तारीख घाला."

मी लिहिलं. सही केली, तारीख घातली. नोकरीत मी पुष्कळ पत्रं लिहिली, त्यातलं नीट लिहिलेलं ते एक.

आता प्रश्न शेऱ्याच्या रकान्याचा होता. दीक्षाचं म्हणणं, हे त्यांना कळवलंच पाहिजे. लक्ष्मणरावांना मी खाली जाऊन विचारलं तर ते चरकले. करारात लिहिलंय शेरा नक्को म्हणून, ते म्हणाले, उद्या त्यांनी काम काढून घेतलं तर आठ घरांची परेशानी. त्यांचंही खोटं नव्हतं. मी वर येऊन दीक्षाला तसं सांगितलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती स्वतः त्यांच्याकडे गेली. काय बोलली ते मला लक्ष्मणरावांनीच नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, आपल्या आकड्यांवरून त्या माणसाला काढणार आहेत. आकडे खरे आहेत पण त्यांचा अर्थ खोटा निघायला लागलाय. आपल्याला माहीत असून गप्प बसलो तर आपण पण त्यात आलो. लक्ष्मणरावांनी छापखान्याच्या दिवसांत मजकुरातल्या चुका पाहून गिऱ्हाइकांशी भांडणं काढलेली होती. ते म्हणाले, जाऊ द्या, भेजो.

शेरा इंग्रजीत लिहायचा होता. तिनं तीन ओळी लिहून मला दाखवल्या: सहासष्ट नंबर धावेआधी उजवी टाच उचलतो. विरोधकांना ती दिसते. चौतीस नंबर मंद नाही. मी त्या ओळींना माझ्या चांगल्या इंग्रजीचा साज चढवला. असे आढळून येऊ शकते, कदाचित विचारार्ह ठरावे, वगैरे. तिनं एकेक शब्दाचा अर्थ विचारला आणि शेवटी विचारलं, "सर, यानं माझं म्हणणं पक्कं होतं की ढिलं होतं?" मी तिच्याच तीन ओळी पाठवल्या. सोबत तिचा तक्ता आणि वीस डावांचे क्रमांक.

दोन आठवडे काहीच आलं नाही. मग तिथल्या एका व्यवस्थापकाचं चार ओळींचं उत्तर आलं की कृपया करारातल्या कामापुरतं मर्यादित राहावं. लक्ष्मणराव दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दीक्षाला मी ते पत्र दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि विचारलं की यात टाचेबद्दल काही आहे का. नाही, म्हणालो. मग ती पुढचा सामना घेऊन बसली.

त्या रविवारी मी अंबरपेठला तिच्या घरी गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण मी तिला दिलेलं खुलाशाचं पत्र तिच्या आईवडिलांनी वाचलं असणार आणि त्यांच्यासमोर जाणं मला आवश्यक वाटलं. दोन खोल्यांचं, स्वच्छ, निळ्या रंगाचं घर. नागोराव दारात आले आणि "जयभीम साहेब" म्हणाले. मी "नमस्कार" म्हणालो, मग पुन्हा "जयभीम" म्हणालो. कोंडाबाईंनी चहा ठेवला. मी म्हणालो की माझी चूक झाली, न विचारता पत्र दिलं. नागोराव ऐकत होते. पोरीनं सांगितलंय, एवढंच म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी मला जे विचारायचं होतं ते विचारलं.

"त्या पळणाऱ्या माणसाची नोकरी राहिली का?"

अजून कळलं नाही, मी म्हणालो.

"कारखान्यात पट्ट्यावर काम होतं माझं," ते म्हणाले. "माझ्या आधीचा माणूस पातं उशिरा सोडायचा. कमी नग माझ्या नावावर पडायचे. मी सांगत होतो, पण माझ्याकडं काही लिहिलेलं नव्हतं. हिनं लिहून ठेवलंय, हे बरं केलं."

दीक्षा आतल्या खोलीत काहीतरी करत होती. तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

फोन आला तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी आठ वाजता. तिकडे आदली संध्याकाळ. सल्लागार कंपनीचे प्रमुख स्वतः बोलत होते, मिस्टर विट म्हणून. जुने प्रशिक्षक, सत्तरीचे, घोगऱ्या आवाजाचे. व्यवस्थापकानं आमचा शेरा बाजूला टाकला होता, तो त्यांच्या हाती उशिरा लागला. त्यांनी वीसच्या वीस डाव लावून बघितले आणि तसेच ते घेऊन संघाच्या रांगेच्या प्रशिक्षकाकडे गेले. तो प्रशिक्षक तीन वर्षं सहासष्ट नंबरला रोज बघत होता. त्यानंही टाच पाहिलेली नव्हती. हा शेरा लिहिणारा माणूस कोण, त्याच्याशी मला बोलायचं आहे, असं विट म्हणाले.

मी म्हणालो, माणूस नाही, बाई आहे, आणि फोनचा स्पीकर लावून दीक्षाला समोर बसवलं. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. विटनी विचारलं की तुम्ही हा खेळ किती वर्षं बघता आहात.

"पाच महिने, सर," ती इंग्रजीत म्हणाली.

मग त्यांनी विचारलं की मग हे दिसलं कसं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलली. एकेक शब्द जोडत, पण तिचा स्वतःचा.

"मला खेळ समजत नव्हता. चेंडू कुठे जातो ते कळायचं नाही. म्हणून मी पाय बघायला लागले. पाय जमिनीवर असतात, ते कळतात."

विट हसले. चांगलं मोकळं हसू होतं. मग त्यांनी तिला चौतीस नंबरबद्दल विचारलं आणि तिनं वहीतला तक्ता वाचून दाखवला, सावकाश, आकडा आकडा करून. पंधरा मिनिटं ती बोलत होती. मला एकदाही मध्ये पडावं लागलं नाही. फोन ठेवल्यावर ती गच्चीवर जाऊन उभी राहिली आणि अर्ध्या तासानं येऊन कामाला लागली.

पुढे सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. सहासष्ट नंबरनं उभं राहण्याची सवय बदलायला घेतली आणि पहिल्या सामन्यात तो इतका अवघडला की दोनदा तोल जाऊन पडला. धावेची सरासरी आणखी घसरली. लक्ष्मणराव मला म्हणाले, आता बघा, बिल आपल्या नावावर फाटणार. दीक्षा मात्र त्या सामन्याच्या नोंदी बघून खूश होती. टाच आता कळत नाही सर, वीसपैकी माझे अकराच बरोबर आले, ती म्हणाली. चुकल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

उरलेल्या चार सामन्यांत धावेची सरासरी साडेचारच्या आसपास गेली. संघानं त्यातले तीन जिंकले. पुढच्या फेरीत जायला ते पुरलं नाही, सुरुवातीचे पराभव फार होते. तिकडच्या वर्तमानपत्रांनी चौतीस नंबरच्या पायांत पुन्हा जोर आला असं लिहिलं. आमचं नाव कुठे यायचा प्रश्नच नव्हता. जानेवारीत विटचं पत्र आलं, त्यात दोन गोष्टी होत्या. चौतीसला संघानं आणखी एका वर्षासाठी ठेवलं होतं. आणि नव्या करारात शेऱ्याचा रकाना भरायची मुभा होती, एका अटीवर: शेरे दीक्षा गजभारे यांनी तपासलेले असावेत.

तिनं ते पत्र घरी नेण्यासाठी माझ्याकडे एक प्रत मागितली. नागोरावांना ती वाचून दाखवायची होती. पहिली गोष्ट, दुसरी नव्हे.

त्यानंतर काम वाढत गेलं. दोन वर्षांत आम्ही आठाचे सव्वीस झालो आणि शेजारच्या घराचा मजला घ्यावा लागला. आक्रमणाचं, म्हणजे चेंडू हाती असलेल्या बाजूच्या खेळाचं, मूल्यमापन नावाचा एक वेगळा विभाग झाला आणि त्याची प्रमुख दीक्षा. तेजस तिच्या हाताखाली आला आणि खुशीनं आला. तिची इंग्रजीची भीती गेली असं मी म्हणणार नाही. फोन वाजला की ती अजून मांडीवर हात घट्ट धरे. पण उत्तर द्यायची.

२००४ च्या ऑक्टोबरात विटनी तिला एक सामना प्रत्यक्ष बघायला बोलावलं. पासपोर्ट काढणारी ती घरातली पहिली. व्हिसासाठी चेन्नईला जावं लागलं, तेव्हा नागोराव सोबत गेले आणि पाच तास फुटपाथवर बसून राहिले. ती आठ दिवसांनी परत आली. मी तोवर पुण्याला परतायचं ठरवलं होतं आणि माझं काम तिच्याकडे सोपवत होतो. मी विचारलं, कसा होता सामना. थंडी फार होती, म्हणाली, आणि एवढ्या उंचावर बसवलं होतं की कुणाचे पाय काही दिसले नाहीत. मग म्हणाली:

"सर, आपल्याकडं येतं त्या चित्रात आवाज नसतो. तिथं मी पहिल्यांदा आवाज ऐकला. एकमेकावर आदळतात ना, तो वरपर्यंत ऐकू येतो. मी दोन वर्षं त्यांना पडताना बघायले, किती यार्ड झाले लिहायले. त्यांना लागतंय, हे मला तिथं बसल्यावर कळलं."

त्या आठवड्यात तिनं नोंदींमध्ये एक विसावा रकाना घातला. कुणीही मागितलेला नव्हता. आडवा झालेला माणूस उठून उभा राहायला किती सेकंद लागले, ते त्यात लिहायचं. कुणाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला की त्याचा नंबर वेगळा काढून विटना कळवायचा. महिनाभरानं विटनी लिहिलं की रकाना चालू ठेवा, संघाच्या डॉक्टरांनी तो मागितला आहे.

मी हैदराबाद सोडलं त्या दिवशी ती नव्याने आलेल्या सहा जणांना तो रकाना कसा भरायचा ते शिकवत होती. एका डावात सहासष्ट नंबर खाली होता. ती घड्याळ न बघता, ओठांतल्या ओठांत, तेलुगूत सेकंद मोजत होती. चारला तो उठला. तिनं आकडा लिहिला आणि चित्र पुढे सोडलं.